ऊन लागलं होतं

पित्ताच्या खड्यासाठी गेले होते मी, धंतोलीला.
भूल द्यायच्या आधी इको लागतो म्हणाले.
डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर गार जेल,
आणि ती पोरगी, पाटीवर हेडाऊ लिहिलेली,
आमच्याच पाचपावलीची निघाली म्हणून
माझ्याशी बोलत होती,
ती बोलता बोलता गप्प झाली.
पडद्यावर एक रेघ ओढली.
पुसली. पुन्हा ओढली.
मग डॉक्टरांना हाक मारली.

सतरा मिलिमीटर.
हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत
दहा-अकरा असावी, ती सतरा.
"घरात कोणी तरुणपणी गेलंय? अचानक?"

मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, भाऊ होता, गुणवंत.
पण त्याला ऊन लागलं होतं.

मे महिना. मैदानावर चुन्याच्या रेघा.
एकोणीस वर्षांचा, चढाईला गेला,
आणि दम तुटायच्या आत आवाज तुटला.
समोरच्यांना वाटलं, सापडला.
चौघं त्याला दाबून धरून होते,
पंचाची शिट्टी वाजली तरी
कोणी सोडेना.
काढून ठेवलेल्या पँटच्या खिशात
आईनं दिलेला कांदा होता.
आई मरेपर्यंत म्हणायची,
अंगावर असता तर.

"आणि आजोबा?"
मागावरच. धोटा हातात.
त्यांच्यावर, म्हणे, कोणी करणी केली होती.

डॉक्टरांनी कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
रेघांनी जोडले,
दोन चौकोन पेनानं भरून काळे केले.
एवढा सोपा नकाशा आमच्या घराचा,
तीस वर्षांत कोणी काढला नव्हता.
माझ्या गोलाखाली अजून एक गोल होता.
रिकामा.

आचल सोळाची. चारशे मीटर धावते.
कानातले, केसांच्या पिना, पायातली चांदीची तोरडी
माझ्या ओंजळीत देऊन
ती बोगद्यात गेली.
यंत्र ठोकू लागलं, खटक-खट, खटक-खट,
आजोबांच्या खोलीसारखं.
आतून माणसाचा आवाज:
श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.
काचेच्या अलीकडे मीही धरला.
तुझा मामा एका दमात चार गडी शिवून यायचा, आचल,
हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं.
श्वास घ्या. सोडा. धरा.
चाळीस मिनिटं.

मग डॉक्टरांनी दाखवलं.
करड्या अंधारात एक मूठ उघडत होती, मिटत होती.
भिंत तेरा. आणि कडेला, इथं बघा,
मीठ सांडल्यासारखं थोडं पांढरं.
"लवकर सापडलं," ते म्हणाले,
जरा आनंदानंच.
मलाही व्हायला हवा होता आनंद.
झाला थोडा, घरी येताना, बसमध्ये,
सीताबर्डीच्या गर्दीत कोणीतरी जागा दिली तेव्हा.

रोज एक गोळी. स्पर्धा बंद. चालणं चालेल.
सहा महिन्यांनी पुन्हा बोगदा.
आचल रडेल वाटलं होतं.
तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या, गुंडाळल्या,
आणि विचारलं,
"मामाचा फोटो आहे का आपल्याकडे?"

उमरेडला नलू, माझी धाकटी.
तिच्या पोरीला स्थळ आलंय, पोरगा महावितरणमध्ये.
"माया पोरीचं जमून राह्यलं, अन् तू हे काय काढलं बाई?
ऊनच लागलं होतं त्याले.
कांदा नव्हता अंगावर. बस."
आणि फोन कट.

माझा खडा अजून पोटातच आहे.
रात्री दुखतो, मग मी उठून बसते,
कुलरच्या आवाजात त्या कागदावरचे
नलूच्या खालचे गोल मोजते. एकच आहे.
तरी मोजते.

दर रविवारी फोन लावते.
भिंतीचं बोलत नाही, कांद्याचं बोलत नाही.
भाजी काय केली विचारते,
आणि मग, सहज,
पोरगी जिना चढताना मधे थांबते का गं?

परवा नलू काही बोलली नाही.
खूप वेळ.
फोन ठेवलाही नाही.